माणच्या टॉकीजमधली कमरेएवढी भिंत

हिंजवडीशेजारच्या माणचं आमचं टॉकीज म्हणजे पत्र्याची एक शेडच. जागा आमची, म्हणून घरच्यांना पिक्चर फुकट. त्या जोरावर मी गावात इतका ताठ चालायचो, की जणू हिरोचं काम मीच करतोय.

आत मधोमध कमरेएवढी भिंत, वर गोणपाटाचा पडदा. डावीकडं बाया, उजवीकडं बाप्ये. लग्न होईपर्यंत मला ती भिंत कधी दिसलीच नव्हती.

लग्नानंतर आठवड्याभरानं बायकोला घेऊन गेलो. दोघंच असे पहिल्यांदाच बाहेर पडलेलो. डोअरकीपरला हळूच म्हटलं, "कोपऱ्यात दोन खुर्च्या टाक की."

"मालक, जागा तुमची हाय, पर भिंत गावाची हाय."

ती मान खाली घालून बायांत गेली, मी बाप्यांत. निदान माझा आवाज तरी तिला ऐकू जावा, म्हणून मी मोठमोठ्यानं हसत राहिलो. पिक्चरमध्ये काय चाललंय, कुणाला ठाऊक!

घरी येताना विचारलं, "कसा वाटला?"

"बरा व्हता. पर बाप्यांत एक येडा बसलावता. हिरोची आई मेली तरी हसत व्हता."

"असत्यात असली माणसं," मी म्हटलं आणि पुढं कधी तो विषय काढला नाही.

टॉकीज बंद पडेपर्यंत आम्ही असेच, एका दारातून आत आणि दोन बाजूंना. नंतर शेडमध्ये कडबा आला, मग सिमेंटची पोती. आता तिथं आयटीतल्या पोरांसाठी खोल्या बांधायच्यात. हिंजवडीच्या मॉलमध्ये आम्ही शेजारी बसतो, पण त्या शेडमध्ये बसायचं राहिलं ते राहिलंच.

परवा, पत्रे उतरवायच्या आदल्या दिवशी, दोघं आत गेलो. गोणपाट कधीच कुजलेलं, भिंत मात्र तशीच. ती सवयीनं डावीकडं वळली, मी उजवीकडं. मला हसू फुटलं, तेही मोठ्यानं.

"ह्योच त्यो येडा," ती पलीकडून म्हणाली.

"म्हंजी तुला म्हाईत व्हतं?"

"तवाच. आता या की हिकडं, कोन अडवतंय?"

मी ऐटीत भिंतीवर पाय टाकला. गुडघ्यानं साफ नकार दिला. शेवटी दारापर्यंत जाऊन, वळसा घालून आलो. तिनं पदरानं जुना बाक पुसून ठेवला होता. बसलो. समोर पिक्चरची नुसती पांढरी भिंत.

"काय बघायचं?" मी विचारलं.

"गप बसा जरा. सुरू व्हईल आता."