अंबाडीचं फूल आणि शेजारचा गॅरी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण ह्या गोष्टीत मी एकदाच शहाणा ठरतो, आणि तोही चुकून.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. सगळ्या जगाच्या कंप्युटरना दोन हजार साल ओळखायला शिकवायचं म्हणून कंपनीने आम्हाला शिकागोजवळ नेऊन बसवलं होतं. पण मी मूळचा अकोल्याच्या शेतकी कॉलेजचा पदवीधर. हे मी विसरत नसे आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसे.

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत मेथी मिळायची, शेपूही मिळायचा. अंबाडी मात्र नाही. म्हणून आईने डबीतून बी पाठवलं. पहिल्या वर्षी झाडं छातीला लागली, पण फुलायच्या आतच थंडी पडली आणि एका रात्रीत सगळी काळी ठिक्कर. फूल नाही म्हणजे बी नाही. तिकडे गावचं शेत विकून झालेलं. डबीत उरलेलं चिमूटभर बी गेलं, की आमच्या घरची अंबाडी संपली. मला खरंच झोप लागेना.

पुढच्या वर्षी शेजारचा गॅरी कुंपणावरून माझी रोपं न्याहाळताना दिसला. पन्नाशीचा, केसांची शेंडी बांधलेला, मितभाषी माणूस. त्याच्या कुंपणाच्या फटीतून मी एकदा डोकावलो, तर काय, तीच लांब बोटांची, कातरलेली पानं! म्हटलं, "तुमच्याकडेपण?" त्याने ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, आमच्या कॉलनीत अंगणात भाजी लावायला बंदी होती, त्याला घाबरतोय.

मी त्याला धीर दिला. सांगितलं की आम्ही दर रविवारी पानं डाळीत शिजवून खातो. बायको, मुलगी, सगळे.

"मुलगीपण?" त्याने विचारलं.

"अहो, माझी आई सत्तर वर्षं खातेय. भाकरीबरोबर. अजून चष्म्याशिवाय सुई ओवते."

त्या दिवसापासून गॅरी मला फार मान द्यायला लागला.

थंडीची अडचण सांगितल्यावर तो म्हणाला की त्याची जात लवकर फुलणारी आहे, थंडीच्या आत आटोपते. माझी पडली उष्ण देशातली. तिला रात्र मोठी झाल्याचं भासवायला हवं. झालं! रोज ऑफिसमधून आलो की मी सहाही झाडांवर घर बदलताना आणलेले उंच खोके घालायचो, वर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, ते सकाळपर्यंत. बायको म्हणायची, लोक काय म्हणतील? लोकांनी काही म्हटलं नाही. सरळ पोलिसांना फोन केला.

ऑगस्टमधल्या एका सकाळी पोलीस दारात. खोके काढायला लावले. पहिल्या खोक्याखालची पानं बघून त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, सगळी उपटावी लागतील. मी एक पान तोडून खाल्लं, दुसरं त्याला देऊ केलं, तर तो दोन पावलं मागे सरला. मग मी तिसरा खोका उचलला.

खाली फूल! तळहाताएवढं, फिकं पिवळं, पोटात गर्द तांबडं.

पोलीस वाकून बघायला लागला. "ह्याला असलं फूल येत नाही," म्हणाला. मग त्याने एक पान चाखलं, तोंड आंबट केलं आणि एकदम माणसात आला. त्याच्या बायकोची जास्वंद वेळेवर फुलत नव्हती. "एवढ्या लवकर फुलवायला तुला शिकवलं कोणी?"

कुंपणावर गॅरीचं डोकं दिसत होतं, खडूसारखं पांढरं.

"कोण शिकवणार?" मी छाती काढून म्हणालो. "शेतकी कॉलेज, अकोला." आणि वर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं.

संध्याकाळी गॅरी आला. माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. "तू माझं नाव घेतलं नाहीस. मी हे विसरणार नाही."

मी मनातून ओशाळलो. त्याचं श्रेय मी ढापलं आणि हा बिचारा आभार मानतोय! भरपाई म्हणून त्याला अंबाडीची भाजी दिली. दुसऱ्या दिवशी तो हळूच म्हणाला, "मी सगळी खाल्ली. काहीच झालं नाही."

"पचली ना? मग झालं."

ऑक्टोबरात थंडी पडली, तोवर माझ्याकडे बरणीभर बी तयार. आईला फोन करून मी अक्षरशः ओरडलो.

त्याच आठवड्यात मुलगी शाळेतून व्यसनांबद्दलचं एक चित्र घेऊन आली. "बाबा, लुक, गॅरी अंकल्स प्लांट."

"अगं, ही अंबाडी."

"नो बाबा. रीड."

चित्राखालचं नाव वाचलं. खुर्चीत बसलो. मग एकेक वाक्य आठवत गेलं. डाळीत. मुलगीपण. सत्तर वर्षं, भाकरीबरोबर.

गॅरी पुढे दोन वर्षं शेजारी होता. भेटला की आदराने विचारायचा, "आई अजून घेते?" खरं काय ते सांगायला मला कितीसा वेळ लागला असता? पण शेतकी कॉलेजच्या माणसाला गांजा ओळखता आला नाही, हे कबूल करण्यापेक्षा आई गांजेकस ठरलेली परवडली. मी म्हणायचो, "रोज."