सीटखालची पांढरी रेघ

"गप. आधी गाडीक बोलांदे."

कुणीही गाडी घेऊन गेलं की आमच्या मिस्त्रींचं पहिलं वाक्य हे. मग चपला खाली काढून ते ड्रायव्हरच्या सीटवर चढायचे, गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटून इंजिन ऐकत बसायचे. गिऱ्हाईक बिचारं खाली उभं. त्याला घाई, यांना नाही. असा एखादा माणूस तुमच्याही नाक्यावर असेल, ज्याच्यापुढे आपण आपली अक्कल आवरती घेतो. मुलुंडला आमच्या चढणीच्या रस्त्यालगत गाळ्यांची रांग आहे, तिच्यात शेवटचा गाळा त्यांचा. माणूस मालवणकडचा, केस पांढरे, बनियन काळं. ते बनियन मूळचं पांढरं होतं म्हणतात, पण पाहिलेलं कुणी नव्हतं.

दुसरं वाक्यही ठरलेलं. "गाडी खोटा बोलणा नाय. माणूस बोलता." गाडी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. हे ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सुनवायचे. त्यामुळे गिऱ्हाइकं कमी होती, पण होती ती कुठे हलायची नाहीत.

माझी गाडी म्हणजे जुनी पिकअप. मागे हूक आणि लोखंडी दांडा, बंद पडलेल्या गाड्या ओढून न्यायच्या. आमच्यात त्याला टोचन म्हणतात. धंदा नवऱ्याचा. छातीत कळ आली आणि तो गेला, अर्ध्या तासात. गाडी सोसायटीच्या आवारात तशीच उभी. चालवायला मला त्यानेच शिकवलं होतं, लायसन्सही होतं, म्हणून पंधराव्या दिवशी मी चावी उचलली. खालच्या बायका कुजबुजल्या, हिला काही लाजबीज? मी म्हटलं, लाज डब्यात भरून पोरीला शाळेत पाठवता येत नाही.

पण गाडी ऐकेना. आठ महिन्यांत दोन क्लचप्लेटी जळाल्या आणि तिसरीही घसरायला लागली. मागे गाडी जोडून चढ घेतला की इंजिन नुसतं बोंबलायचं, पिकअप जागची हलायची नाही, आणि केबिनभर करपल्याचा वास. दोन गॅरेजवाल्यांनी प्लेटी बदलल्या आणि वर हसून म्हणाले, "लेडीज ड्रायव्हिंग आहे ना मॅडम." अशी तिडीक गेली डोक्यात! माझा दीर स्वभावाने चांगला, पण तोही कंटाळला. म्हणाला, "वहिनी, आता नवी बसवू ती शेवटची. तीही जळली तर गाडी विकून टाकू. उगाच हट्ट नको."

विकली तर माझं काम जाणार, हे होतंच. पण गाडी नवऱ्याची होती. स्टिअरिंग त्याच्या हाताने गुळगुळीत झालं होतं. ते दुसऱ्या कुणाच्या हातात मला बघवलं नसतं.

तेव्हा कुणीतरी मिस्त्रींचा गाळा दाखवला. त्यांनी गाडी ऐकली आणि म्हणाले, "प्लेट गेली."

"ते मलाही कळतं, काका! का जाते ते सांगा!" मी ओरडलेच.

ते चिडले नाहीत. बाजूच्या सीटवर सरकले. "चप्पल काढ. चालव बघू."

एक फेरी मारली. ते रस्त्याकडे बघतच नव्हते, माझ्या डाव्या पायाकडे बघत होते. परत आल्यावर विचारलं, "बाय, पाय क्लचवरून उचलणस नाय कित्याक?"

"उचलला की परत सापडत नाही. लांब पडतो."

"मग सीट फुडे घे."

सीट सरकवायचा खटका सीटखाली होता, मला माहीत होता. आठ महिने मी त्याला हात लावला नव्हता. नवरा सहा फुटी, मी जेमतेम पाच. सीट त्याने ठेवली होती तिथेच होती, आणि मी काठावर बसून, टाच अधांतरी, बोटं क्लचवर टेकवून गाडी हाकत होते. म्हणजे सगळा वेळ क्लच थोडा दाबलेलाच. प्लेट जळेल नाहीतर काय होईल?

"नाही घेणार," मी म्हटलं आणि भर दुपारी, त्या काळ्या बनियनसमोर रडले. "ती त्याची जागा आहे."

मिस्त्रींनी समजूत घातली नाही. गाळ्यात गेले आणि रंगाचा डबा, ब्रश घेऊन आले. वाकून सीटखालच्या पट्टीवर, सीट होती बरोबर तिथे, एक पांढरी रेघ मारली. वर फुंकर घातली.

"ही तेची जागा. ती खंय जाणा नाय. कदी वाटला तर मागे घेऊन बस. काम करताना मात्र तू फुडे ये, बाय."

रंग सुकेपर्यंत आम्ही चहा प्यायलो. मग खटका मीच ओढला. सीट करकरत पुढे आली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा माझी टाच खाली टेकली.

नवी प्लेट बसल्यावर गाडी न्यायला दीर बरोबर आला. "काय दोष होता, काका?" त्याने विचारलं.

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. "केबल अडकत होती. तुजी वयनी बरी चालवता."

केबलला काहीही झालेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं, ते गाळ्याच्या पत्र्याकडे बघत होते.

मग एक बंद पडलेली व्हॅन मागे जोडून आम्ही तो चढ घेतला. दीर शेजारी, डॅशबोर्ड घट्ट धरून. या वेळी इंजिन जेवढं ओरडलं, तेवढी गाडी पुढे गेली. वर पोचल्यावर तो म्हणाला, "झकास, वहिनी." गाडी विकायचा विषय त्यानंतर निघाला नाही. पोरगी कॉलेजला गेली ती त्याच गाडीच्या जोरावर.

थँक्यू म्हटलेलं मिस्त्रींना चालायचं नाही. "माका नको. गाडीक सांग," म्हणून बॉनेटकडे बोट दाखवायचे. पुढे इतकी वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिले, कधी ब्रेक, कधी ऑइल, आणि दर वेळी ओठावर आलेलं गिळलं. गाडीशी बोलायला मी काय वेडी आहे?

यंदा एकदा मी गेले तर गाळ्याला कुलूप. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने सांगितलं, गावी गेले होते, तिथेच झोपेत गेले. मी येऊन गाडीत बसले. काय करावं सुचेना. वाकून बघितलं, तर रेघ गंजाने अर्धी खाल्ली होती. वेल्डिंगवाल्याकडून पांढरा रंग मागून आणला, रेघ पुन्हा ओढली, वर फुंकर घातली.

मग चपला काढल्या आणि गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवला.

"थँक्यू, काका," मी गाडीला म्हटलं. वेल्डिंगवाला बघत होता. बघू दे. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि पाय पुरता उचलून खाली टेकवला.