गावाला कधी जाणार, हे विचारणाऱ्या विमलताई

त्या दिवशी शेडवर सगळ्यात आधी आल्या त्या गिरणीवाल्या काकू. पिठाचं पोतं उतरवायच्या आधी त्यांनी बातमी उतरवली. डब्यांचा धंदा करणारी कुणी बाई ऑर्डर द्यायला येतीय, पण ती भाकरी बघत नाही म्हणे, भाकरी करणाऱ्या बायका बघते. मसाला कांडणाऱ्याकडं जाऊन तिनं विचारलं होतं, तुमच्या बायका झोपतात कुठं? मी म्हटलं, डबेवाली हाय का जनगणनेवाली? सगळ्या हसत होतो तोवर रिक्षातून विमलताई उतरल्या, चपला दारात काढल्या आणि थेट चुलीजवळ येऊन बसल्या. माझी आणि त्यांची ही पहिली ओळख.

आता ताईंना पंचाहत्तर पूर्ण होतायत. त्यांच्या गौरवासाठी निघणाऱ्या या पुस्तकात मोठमोठ्या माणसांनी लिहिलंय आणि चौथीतून शाळा सोडलेल्या मलाही लिहा म्हणाले. इतका आनंद झाला की गल्लीभर सांगून आले. शेजारीण म्हणाली, आजी, सही तरी येती का? येती की.

शेड कसलं ते राहिलंच. सोलापूरच्या बाहेर पत्र्याचं शेड होतं. आम्ही चौदा बायका तिथं कडक भाकरी करायचो आणि तिथंच झोपायचो. पोरी बहुतेक अक्कलकोटच्या पलीकडच्या, आपसात कानडी बोलणाऱ्या. मी मंद्रूपची. मालक फाटकाला कुलूप लावायचे, पोरींच्या काळजीपोटी असं सांगायचे. सगळ्यांची आधार कार्डं माझ्या ट्रंकेत असायची आणि ट्रंकेची किल्ली माझ्या कमरेला. मी वयानं मोठी, म्हणून मालकांनी विश्वासानं दिलेली. मला त्याचा लई मान वाटायचा. पोरी कागद हरवतात, आपण जपतो, एवढंच मला कळत होतं.

ताईंनी भाकरीकडं खरंच बघितलं नाही. एकेकीला विचारत गेल्या, यंदा जत्रेला गावाला कवा जाणार? आमच्या भागात हे कुणालाही विचारा, दिवस तर सांगतीलच, बांगड्या कुठल्या भरल्या तेही सांगतील. इथं एकही पोरगी बोलेना. शांतव्वा नावाची एक होती. तिची आई अंथरुणाला खिळलेली. आठ दिवस ती माझ्याकडं कार्ड मागत होती आणि मालकांना विचारते म्हणून मी टोलवत होते. तिनं माझ्याकडं बघितलं. मग बाकीच्यांनीही.

ताई हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाटलं मालकाकडं बगतील. ह्या तर तुमच्याकडं बगत्यात की, मावशी."

मला राग आला. मी कागद कसे जपते ते सांगितलं. त्यांनी विचारलं, आणि तुमचं कार्ड? म्हटलं, तेही ट्रंकेतच.

"मग तुमी कवा गेलता गावाला?"

मला आठवेना. नातीच्या बारशाला निघाले होते, तेव्हा मालक म्हणाले, किल्ली कुणाकडं देणार? म्हणून राहिले. नात एव्हाना चालायला लागली होती आणि मी तिचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं.

मी ट्रंक उघडली. नावं वाचत बसले असते तर दिवस गेला असता, म्हणून फोटो बघून कार्डं वाटली. त्या फोटोंत सगळ्या सारख्याच. एक पोरगी म्हणाली, "आजी, ही मी न्हाय, माजी सासू दिसतीय." पीठ उतरवायला फाटक उघडलेलंच होतं; शांतव्वा त्याच दुपारच्या एसटीनं गेली.

मालक भडकले. पोरींच्या घरी आगाऊ उचल दिलीय, ती फिटायच्या आधी कशा जातात बघतो म्हणाले. दुसरं कुणी असतं तर दुसरीकडून भाकरी घेतली असती. ताई म्हणाल्या, तसं केलं तर माझे हात स्वच्छ राहतील, पण ह्या पोरी हितंच राहतील. त्यांनी अट घातली: कार्ड जिचं तिच्याकडं, फाटक उघडं, जाणारीला अडवायचं नाही. मालकांनी ताईंना भाकरी द्यायलाच नकार दिला. ताईंनी दुसरीकडून घेतली नाही, चार दिवस त्यांच्या डब्यांत नुसता भात गेला. गिऱ्हाईकं कुरकुरली, तेव्हा ताई स्वतः घरोघरी जाऊन का ते सांगत फिरल्या. मग शेजारच्या दोन खानावळींनीही शेडची भाकरी थांबवली. पाचव्या दिवशी ताई कामगार कचेरीतल्या साहेबांना घेऊन आल्या आणि कुलूप निघालं.

कुलूप निघालं तशा पोरीही एकेक करून निघाल्या. मला शेड खायला उठलं. मी ताईंच्या डब्यांच्या स्वयंपाकघरात कामाला आले. शांतव्वा परत येते म्हणाली आणि आली नाही, म्हणून मी कुरकुर केली.

"न यायची मोकळीक मिळाली न्हवं तिला? मग झालं की," ताई म्हणाल्या.

त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक बाई आपल्या गावच्या जत्रेची खूण स्वतःच्या हातानं करते. जत्रांचे दिवस आले की सगळ्या जातात आणि ताई एकट्या परातीसमोर बसतात. एकदा मी विचारलं, ताई, तुमी कवा जाता? म्हणाल्या, "माजं गाव धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो म्हणत्यात. मी जात न्हाय बगायला." आणि तवा चुलीवर ठेवला. नंतर आम्ही दोघी जेवलो.

आता माझे हात थापायचे राहिले नाहीत. लेक आणि नात पुण्याला, खोलीत मी एकटी. ताई रोज दुपारी डबा घेऊन येतात, मीठ बरोबर पडलंय का विचारायचं निमित्त करतात आणि माझं ताट संपेपर्यंत बसतात.

ताईंना शंभर वर्षं मिळोत असं सगळेच लिहितील. मी देवाकडं एवढंच मागते, त्यांचे गुडघे शाबूत राहोत, आणि जेवताना त्यांच्या समोर रोज कुणीतरी बसलेलं असो.

गेल्या आठवड्यात शांतव्वा आली. एवढ्या वर्षांनी, आपली लेक आणि शेडवरच्या दोघींना घेऊन. ताईंकडंच जेवल्या. दिवस कलायच्या आत उठल्या, तेव्हा मी राहा म्हणणार होते. ताईंनी माझा हात दाबला. मी उठून दार उघडलं. दारात चपला घालता घालता शांतव्वा आपणहून म्हणाली, नागपंचमी झाली की पुढच्या सोमवारी आम्ही येतो.