सासूच्या हातचा घास

आमच्या कलापथकात आम्ही दोघीच मुली. नाटुकली मी लिहायची आणि सूनही मीच करायची, कारण शेवटचं भाषण सुनेचं होतं. ऊस तोडणाऱ्या बाईला पुरुषाइतकी मजुरी का हवी, हे मी पत्रकं वाचून वाचून त्यात बसवलं होतं. दुसरीच्या वाट्याला म्हातारी सासू. दोन वाक्यं, बाकी नुसतं बसायचं.

बारामतीचा खेळ पाहून कोल्हापूरच्या स्टुडिओतले एक गृहस्थ मंचामागं आले. मला म्हणाले, "आवाज खणखणीत आहे हो तुमचा." आणि घेऊन गेले तिला.

ऐन विशीत केस पांढरे करून तिला सिनेमात सासू केलं, विधवा आत्या केलं, कजाग घरमालकीण केलं. नायिका कधीच नाही. त्याचं मला समाधान होतं. मग माळेगावात कारखान्याजवळ तंबूतला सिनेमा लागला. बायकांच्या बाजूला पोत्यावर बसून मी पाहिलं: ती सुनेपुढचं ताट ओढून घेते आणि अख्खा तंबू तिला शिव्या घालतो. बायकांना पेटवणं हे माझं काम होतं! माझ्या भाषणानं त्या कधी एवढ्या पेटल्या नव्हत्या. इथं एका खोट्या ताटावरून पेटल्या.

उन्हाळ्यात ती गावी आली. म्हणाली, "कळंबला खेळ आहे ना? माझी म्हातारी मीच करते." मी हो म्हटलं. तिला बघायला गर्दी होणार होती, आणि भाषणाला मला गर्दी हवी होती.

गर्दी झाली. पण ती मंचावर दिसताच पुढच्या बायका उसळल्या.

"हीच ती, सुनंला उपाशी ठेवणारी!"

"आगं ए भवाने, आदी पोरीला जेवाया घाल!"

"आमच्या सासवांना शिकवाया आलीस व्हय हितं?"

मला आतून गुदगुल्या झाल्या. आता ही रडत आत पळणार.

त्या त्या गावात घरोघरी मागून आणलेली भाकरीच खेळातही वापरायची, असा आमचा रिवाज होता. ती भाकरी समोर होती. तिनं ती मोडली, मोठ्या तुकड्यावर ठेचा ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकत उठली. मी भाषणाला तोंड उघडलं. तिनं त्यात घास भरवला.

"आता कसं!" पुढची एक म्हातारी ओरडली. "खा गं पोरी, लाजू नगंस!"

ठेचा जहाल होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सून गहिवरली असं समजून बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पेटीवाल्याला वाटलं, खेळ इथंच संपवायचा. त्यानं शेवटचं गाणं धरलं.

नंतर बायका तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडत होत्या. मघाशी ओरडलेल्या त्या म्हातारीनं मला विचारलं, "तू बी हाईस का गं सिनेमात?"

"नाही. हे सगळं मी लिहिलंय."

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आसू दे, बाई. आसू दे."