त्याने काय घातलं होतं

मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यावर घर सुनं झालं, तेव्हा मी नवीन पनवेलमधल्या एका संस्थेत इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. माझं स्वतःचं शिक्षण मराठी माध्यमातलं. पण आमच्या ट्रेनर मॅडम म्हणाल्या, "ज्यांना इंग्रजीची भीती माहीत आहे, तेच ती नीट शिकवतात." सरावासाठी संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा. आम्ही शिकवायचं आणि मॅडमनी मागच्या बाकावर बसून बघायचं.

त्या वर्गात उरणकडच्या एका गावातली बाई यायची. तिशीची असेल. तिचा नवरा बोटीवर इंजिनात कामाला होता. आदल्या वर्षी भर समुद्रात, पहाटेच्या पाळीआधी, तो बोटीवरून नाहीसा झाला. शोध थांबला, पण प्रेत काही सापडलं नाही. कंपनीकडून फोन यायचे ते इंग्रजीत, आणि दीर बोलायचा. तो तिला एवढंच सांगे, "काय नाय बोलले."

"मना सोता इचारायचंय," ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली. "तेवढाच शिकवा."

आमच्या प्रशिक्षणात भूमिका घेऊन संवाद करण्यावर फार भर असे. एकाने दुकानदार व्हायचं, दुसऱ्याने गिऱ्हाईक. तिने मला सांगितलं, "मॅडम, तुमी बोटीवरचा सायब व्हा." मग वर्ग सुटल्यावर आम्ही दोघी समोरासमोर बसू लागलो. ती विचारायची, "हू सॉ हिम लास्ट?" मी सुरुवातीला "आय डोन्ट नो" म्हणायचे. तिला ते चालत नसे. "तो सायब आसा नाय बोलनार. नीट सांगा." मग मी मनाने उत्तरं रचू लागले. स्वयंपाक्याने पाहिलं. डेकवर वारा होता. ट्रेनर मॅडम एकदा दारात थांबून ऐकत होत्या. नंतर मला म्हणाल्या, "अगदी खरं वाटतं तुमचं."

एके दिवशी तिने विचारलं, "व्हॉट वॉज ही वेअरिंग?"

त्याने काय घातलं होतं? मी विचार न करता म्हटलं, निळा स्वेटर. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तिला कपड्यांचे शब्द यावेत म्हणून पुढे म्हणाले, डाव्या कोपराशी फाटलेला.

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. खालच्या रस्त्यावर कंटेनरच्या गाड्या हॉर्न देत होत्या. मग ती मराठीत म्हणाली, "डावाच. तो शिवायचा रायला माज्याकडून. तुमाला कसा समजला?"

"अहो, मी उगाच म्हटलं. उदाहरण म्हणून."

तिने मान हलवली, पण माझ्यावरची नजर काढली नाही.

पुढच्या आठवड्यात तिने माझ्यासमोर, फोन स्पीकरवर ठेवून, कंपनीच्या माणसाला स्वतः प्रश्न विचारले. एकही शब्द चुकला नाही. तो माणूस सौम्यपणे बोलत होता. कपड्यांचं विचारल्यावर म्हणाला, ऑरेंज बॉयलर सूट, मॅडम; म्हणजे इंजिनातल्या कामाचा अंगभर नारिंगी पोशाख. तिने "थँक यू" म्हणून फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तो खोटा बोलतोय. तुमाला ठाव हाय."

त्यानंतर तिने इंग्रजी शिकणं सोडलं. पण ती खांदा कॉलनीतल्या माझ्या घरी येऊ लागली. दुपारी यायची, चहा घ्यायची आणि विचारायची, "आनखी काय दिसला?" मी परोपरीने समजावलं. शेवटी एकदा जरा चढ्या आवाजातच म्हणाले की मी जहाज जवळून पाहिलेलंसुद्धा नाही. ती शांतपणे म्हणाली, "बरा. पन एवढाच सांगा. तो घाबरला व्हता काय?"

आणि मला तो दिसला. खरंच दिसला. कठड्याला टेकलेला, पाठमोरा, वाऱ्यात बाही फडफडणारा. मान न वळवताच कोणाला तरी काही सांगत होता.

"नाही," मी म्हटलं. "घाबरलेला नव्हता."

ती तिथेच, माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून रडली. इतक्या दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. जाताना तिने माझ्या पायाला हात लावला. काही दिवसांनी वर्गातल्या दुसऱ्या बाईकडून कळलं, की तिने दर्भाचा पुतळा करून नवऱ्याचे अंत्यविधी उरकले, आणि आता न्हावा शेव्याला एका गोदामात कामाला लागली आहे. ती माझ्याकडे पुन्हा आली नाही.

माझं प्रशिक्षण पुरं झालं. आता मी शिकवते. पण वर्गात कोणी नुसतं "ही वॉज स्टँडिंग" असं वाक्य वाचलं, तरी मला तो माणूस दिसतो. त्याचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. त्याने वळू नये असं मला वाटतं, आणि मी फळ्याकडे तोंड करून लिहीत राहते.