वाढत्या अंगाचं

आमचे बाबा दिवसातून दहा वेळा तरी 'माया' म्हणायचे. घरच्या माणसांबद्दल नव्हे, शिवणीबद्दल. पुढेमागे उसवून कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. बाबा साठ वर्षं शिंपी होते, एकाच दुकानात, एकाच मशीनवर. ते गेले तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण "फार मायाळू माणूस हो" म्हणाला, आणि मला प्रत्येक वेळी शिवण आठवली.

संसारी माणसाने किती संसारी असावं? दुकान ते घर आणि घर ते दुकान. मध्ये भाजीवाली, तीही आईने यादी दिली असेल तर. ना मित्र, ना व्यसन, ना मत. कुणी भांडायला आलंच तर गळ्यातली टेप दोन्ही हातांनी धरून निमूट ऐकून घ्यायचे. एकदा काकांनी चार दिवस फिरायला चल म्हणून आग्रह केला, तर म्हणाले, "मग घरी कोण?" घरी आई आणि आम्ही तीन भावंडं होतो.

आम्हा तिघांचे कपडे तेच शिवत, आणि सगळे एकाच मापाने: वाढत्या अंगाचे. ताईचा पहिलीतला फ्रॉक चौथीपर्यंत चालला. पहिल्या वर्षी तो घोट्यावर यायचा, शेवटच्या वर्षी गुडघ्याच्या वर. मधलं एकच वर्ष तो नीट बसला आणि त्या वर्षी नेमका तिला गोवर आला. दादाच्या पँटचे पाय इतके दुमडलेले असत की त्यात खडू, गोट्या आणि एकदा बेडकाचं पिल्लू सापडलं. मला शाळेत तंबू म्हणत.

"बाबा, जरा अंगाबरोबर शिवा ना."

"अंग थांबणार आहे का तुझं?"

माझी उंची सोळाव्या वर्षी थांबली होती. पण हे त्यांना सांगणार कोण?

बाविसाव्या वर्षी मला नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं. बाबांनी मोठ्या हौसेने शर्ट शिवला. खांदे दंडावर उतरलेले, बाह्या अंगठ्यापर्यंत. मी तो तसाच खुंटीला अडकवला, बाजारात जाऊन रेडीमेड शर्ट आणला आणि घालून त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी बगलेतली शिवण दोन बोटांत धरून उलटून पाहिली.

"यात माया नाही."

"नकोच आहे मला. निदान चारचौघांत माणसासारखा दिसतो."

त्यांनी शिवण सोडली. मग म्हणाले, "बरं. यापुढे तुझ्या कपड्याला मी कात्री लावणार नाही. शब्द देतो."

नोकरी मिळाली. बाबांनी शब्दही पाळला. पुढे ताईच्या मुलांचे, दादाच्या मुलांचे, माझ्या बायकोचे, माझ्या मुलीचे, सगळ्यांचे कपडे त्यांनी शिवले. मला साधा रुमालही नाही. लग्नाच्या वेळी मीच नमतं घेऊन म्हणालो, "बाबा, एखादा शर्ट शिवा की." तर म्हणाले, "तुझं माप नाही माझ्याकडे." ते मला फार लागलं. या माणसाने आपल्याला माफ केलेलं नाही, ही गोष्ट मी अठ्ठावीस वर्षं मनात घेऊन त्यांच्याच घरात राहिलो.

रविवारी दुकान बंद. त्या दिवशी सकाळी ते घरभराच्या कपड्यांना इस्त्री करायचे, माझ्यासुद्धा. इस्त्री म्हणजे काही कात्री नव्हे. आतल्या खोलीत दार लावून बसायचे. दार उघडं राहिलं की इस्त्री गार होते म्हणे. तिथेच घरचं जुनं मशीन होतं. मध्येच त्याचा आवाज यायचा. नातवंडांचं काहीतरी चाललं असेल म्हणून कुणी लक्ष देत नसे.

माझं पोट सुटलं असं बायको म्हणायची. माझे शर्ट तसं म्हणत नव्हते. "बघा बाबा, कंपनीचा माल! सात वर्षं झाली, अजून तसाच बसतो," असं मी मुद्दाम ऐकवायचो. "हं," ते म्हणायचे. एकदाच म्हणाले, "पट्ट्यापट्ट्यांचे घेऊ नकोस. साधे घेत जा." मला त्यातही टोमणा दिसला. मी हट्टाने पट्ट्यांचेच दोन आणले, तर नेमके तेच लवकर आवळायला लागले. बाकीचे शर्ट मात्र दर वर्षी थोडे आखूड व्हायचे. त्याबद्दल मी साबणाला आणि बायकोला बोल लावत आलो.

गेल्या वर्षी, शहाऐंशीव्या वर्षी, बाबा गेले. आणि सहा-आठ महिन्यांत माझे सगळे शर्ट घट्ट झाले. ऑफिसात बोलता बोलता एक बटण उडून समोरच्या बाईंच्या चहात पडलं.

"अहो, आता तरी चालायला जा," बायको म्हणाली. मी माझा आवडता निळा शर्ट घेऊन कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेलो. त्याने तो उलटा केला, उजेडात धरला.

"साहेब, हा आता सैल होणार नाही. यात माया उरली नाही."

"रेडीमेडच आहे. कुठून असणार?"

"तसं नव्हे, हे बघा. खालचा घेर कापून त्याच्या पट्ट्या दोन्ही बगलांत जोडल्यात. एकदा नाही, दोनदा. तुम्ही सुटत गेलात तसं कुणीतरी जोडत गेलंय. कापड साधं म्हणून जोड दिसत नाही, पट्ट्यापट्ट्यांचं असतं तर कळलं असतं." त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला. "कारागीर कोण हो हा?"

शर्ट घेऊन घरी आलो आणि आईपुढे धरला. ती घड्या घालत होती.

"सांगू नकोस म्हणाले होते," ती म्हणाली. "दर वेळी कात्री उचलली की म्हणायचे, शब्द दिलाय गं मी त्याला. आणि कापायचे."

मी आतल्या खोलीत गेलो, दार लावलं आणि पोटभर रडलो.

परवा नवा शर्ट घेतला. साधा. दुकानातला माणूस म्हणाला, "साहेब, हा तुम्हाला दोन मापं मोठा होतोय."

"असू दे," मी म्हटलं. "वाढतं अंग आहे."