तकतकीत जांभळी

डाग दिसला की पुट्टीमामाच्या हाताला खाज सुटायची. रंगकामात उभा जन्म गेलेला. चीर दिसली की पुट्टी, डाग दिसला की रंग; नाव पडलं ते त्यावरूनच. भिंती त्यानं पुष्कळ जगवल्या, पण जितं काही त्याच्या हाती टिकत नसे. मासे गेले, पोपट पळाला, मारल्यानंही मरत नाही म्हणतात तो मनीप्लांटसुद्धा वाळला.

म्हणून लेकीच्या बाळंतपणाला निघताना मामीचा जीव खिडकीतल्या आफ्रिकन व्हायोलेटपाशी अडकला. एका पानापासून वाढवलेलं झाड. जांभळ्या फुलांमुळं घरात त्याला जांभळीच म्हणत.

"अहो, पाणी खालच्या बशीत घालायचं. पानांवर थेंब नको. जमत नसेल तर शिंपीभावजींकडं ठेवते."

शेजारच्या शिंप्याचं नाव निघताच मामाला मिरची झोंबली. "का? मी काय मेलोय? जशीच्या तशी हाती देईन."

मामी गेली आणि मामाला जांभळीवरची धूळ दिसली. त्यानं तिला नळाखाली धरून गार पाण्यानं सचैल न्हाऊ घातलं. दोन-चार दिवसांत पानांवर पांढुरके डाग!

रविवारी मामी व्हिडिओ कॉलवर झाड बघणार. मामानं हिरव्या ऑइलपेंटमध्ये पिवळ्याचा थेंब टाकून छटा जुळवली, बारीक ब्रशनं पानापानाला दोन हात मारले. त्यात एक कोरं पान मोडलं. टाकवेना, म्हणून पाण्याच्या पेल्यात खोचून मागच्या खिडकीत रंगाच्या डब्यांआड दडवलं.

"अगंबाई, काय तकतकीत दिसतेय हो!" मामी फोनवर हरखली. मामाची छाती फुगली.

दारातून शिंपी म्हणाला, "मामा, वास कसला येतोय?"

"फुलांचा."

"ह्या फुलाला वास नसतो."

"तुझ्या नाकाला नसेल."

महिन्याभरानं मामी परतली. पिशवी खाली न ठेवताच खिडकीशी गेली. जांभळीनं मान टाकली होती. मामीनं पानावरून बोट फिरवलं.

"पानांची लव कुठं गेली? हे झाड आहे का कपाटाचं दार?"

मामा खाली मान घालून उभा. "डाग पडले होते. तुला दिसू नयेत म्हणून..."

"कुंडीलाही एक हात द्यायचा होता!" मामी तावातावानं मागच्या खिडकीकडं गेली, रंगाचे डबेच बाहेर फेकायला. डबा उचलला आणि थबकली. पेल्यातल्या पानाला खाली पांढरी मुळं फुटली होती, दोऱ्यासारखी.

"हे कुणी लावलं?"

"लावलं कुठं? लपवलं होतं."

"आणि ह्याला रंग कसा नाही दिला?"

"मोडकं पान रंगवून काय करू?"

मामीला हसू आवरेना. पेला पदराआड घेऊन ती म्हणाली, "पुढच्या खेपेला हे तुमच्याकडंच ठेवून जाईन. डबे तेवढे शिंपीभावजींकडं."